वाळूच्या पोटातली दमट खोली

‘सर, कासवाचे पिल्लू घरात ठेवायचे तर त्याची पेटी दमट कशी ठेवायची?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून अधूनमधून येतो. त्याचे पहिले उत्तर कायद्याचे आहे. पाठीवर ताऱ्यांसारखी नक्षी असलेल्या आपल्याकडच्या स्टार कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते घरात बाळगणे हा गुन्हा आहे. दुसरे उत्तर पदार्थविज्ञानाचे आहे, आणि ते पाहण्यासाठी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळासच्या किनाऱ्यावर जायला हवे.

प्रथम पेटीचा विचार करू. समजा, काचेच्या पेटीतली हवा २५ अंश सेल्सिअसला आहे. या तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. प्रत्यक्षात त्यात १६ ग्रॅम बाष्प असेल, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्के झाली. आता पिल्लाला ऊब मिळावी म्हणून वर विजेचा दिवा लावला आणि हवा ३५ अंशांपर्यंत तापली. या तापमानाला सुमारे ४० ग्रॅम बाष्प मावते. पेटीत तर १६ ग्रॅमच आहे. म्हणजे सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांवर आली! पाण्याचा थेंबही बाहेर न जाता हवा ‘कोरडी’ झाली. आता ती पिल्लाच्या अंगातून अधिक वेगाने पाणी ओढून घेईल. पाळीव कासवांच्या पाठीवर पुष्कळदा उंचवटे येतात. असे उंचवटे कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांत अधिक येतात, असे आफ्रिकी कासवांवरील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले.

तेव्हा ऊब आणि ओल ही दोन्ही एकाच वेळी कशी साधायची? हे कोडे समुद्री कासवाची मादी फार पूर्वीपासून सोडवीत आली आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर सुमारे दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. कोंबडीसारखी ती अंडी उबवीत बसत नाही. पुढचे सुमारे पन्नास दिवस ते काम वाळू करते.

ते कसे, ते पाहा. कासवाच्या अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसून चामड्यासारखे मऊ असते. त्यातून पाणी आत-बाहेर जाऊ शकते. म्हणून भोवतालची हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असावी लागते. खालची वाळू ओलसर असते. कणांमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने पाणी वर चढते आणि फटींतली हवा दमट राहते. पृष्ठभागाजवळचा वाळूचा थर मात्र उन्हाने सुकतो. हा सुका थर झाकणासारखा काम करतो व खालची ओल उडू देत नाही. मात्र अंडी श्वसनही करतात. फटी पाण्याने पूर्ण भरल्या, तर प्राणवायू पोचत नाही. दमटपणा हवा, चिखल नको!

आता उष्णता. दुपारी पृष्ठभागावरची वाळू पायाला चटके देते, पहाटे गार लागते. या फरकाचे प्रमाण ओलसर वाळूत साधारण दर १० सेंटिमीटर खोलीला निम्मे होत जाते. वर ३० अंशांचा फरक असेल, तर १० सेंटिमीटरवर १५, २० वर साडेसात आणि ४० वर दोन अंशांहूनही कमी. शिवाय दुपारची उष्णता तेथे पोचेपर्यंत रात्र झालेली असते.

या एक-दोन अंशांना फार महत्त्व आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याच्या तापमानावर ठरते. ३० अंशांच्या आसपास एक सीमा आहे. तिच्याखाली नर अधिक निपजतात, वर माद्या अधिक, आणि ३५ अंशांच्या पुढे तर गर्भच दगावू लागतात. किनारे तापत गेले, तर काय होईल याचा विचार तुम्हीच करा.

वेळासला पूर्वी माणसे आणि कुत्री ही घरटी उकरीत. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने येथे संरक्षणाचे काम सुरू केले. सापडलेली अंडी किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, मूळ घरट्याइतक्याच खोलीच्या खड्ड्यांत पुरतात. तेथे ना काचेची पेटी, ना दिवा! हे काम लवकर आणि अंडी न फिरवता करावे लागते. कारण काही तासांनी गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडे उलटे झाले, तर तो मरतो.

तुम्हीही एक प्रयोग करा. पण किनाऱ्यावर नको, परसात करा. तळ बंद केलेली प्लॅस्टिकची नळी ओलसर वाळूत ३० सेंटिमीटर खोल रोवा. उष्णतामापकाच्या फुग्यावर मेणाचा जाड थर द्या, म्हणजे बाहेर काढून वाचेपर्यंत पारा हलणार नाही. तो दोरीने नळीत सोडा व नळीचे तोंड बुचाने बंद करा. दुसरा साधा उष्णतामापक पृष्ठभागाच्या वाळूत जेमतेम झाकून ठेवा. सकाळी ६, दुपारी २, सायंकाळी ६ आणि रात्री १० वाजता दोन्ही वाचा व आलेख काढा. दोन्ही रेषांची शिखरे एकाच वेळी येतात का?

त्या आलेखात तुम्हाला कासवाच्या घरट्याची भिंत दिसेल. पिल्लू घरी आणण्यापेक्षा ती भिंत समजून घेण्यात आनंद अधिक आहे, आणि त्यात पिल्लाचे काहीच बिघडत नाही.