झेपेल एवढंच अंगण

नवं घर बांधताना स्वयंपाकघराचा ओटा किती उंच हवा, हे हल्ली घरातल्या बाईला विचारतात. चांगलीच गोष्ट आहे. पण गेटपासून दारापर्यंतच्या दहा-बारा फुटांत काय करायचं, हे मात्र अजूनही घरातले पुरुष आणि मिस्त्री मिळून ठरवतात. आणि ती जागा रोज झाडायची कुणी, तिथल्या झाडांना पाणी घालायचं कुणी? ते काही वेगळं सांगायला नको!

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्याकडच्या नव्या वसाहतीतून चक्कर मारली तर साधारण दोन तऱ्हेची अंगणं दिसतात. पहिल्या तऱ्हेत भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा फरशी. झाडायला सोपं, दिसायला चकाचक, पण एप्रिलमध्ये संध्याकाळी सात वाजताही तिथं अनवाणी उभं राहवत नाही. दुसऱ्या तऱ्हेत सगळं हौसेनं केलेलं असतं. हिरवळ, गुलाब, पायऱ्यांवर तीस-तीस कुंड्या. पहिलं वर्ष अगदी बघण्यासारखं जातं. दुसऱ्या मे महिन्यात हिरवळ पिवळी पडते, निम्म्या कुंड्या रिकाम्या होतात आणि घरातली बाई बादली घेऊन उरलेल्यांना जगवत असते. मग कधीतरी वैतागून तिथंही फरशी बसते.

आमचं घर बांधून झालं तेव्हा मला या दोन्हींमधलं काहीतरी हवं होतं. दारासमोर माती हवी, हिरवं हवं, पण ते माझ्या डोक्यावर बसायला नको. त्यासाठी काय केलं ते सांगते.

आधी तीन आकडे

बागेचा विचार सुरू झाला की आपण आधी झाडांची नावं काढतो. मोगरा पाहिजे, जास्वंद पाहिजे, अमकीकडे आहे तसला वेल पाहिजे. मी कागदावर नावं लिहायच्या आधी तीन आकडे लिहिले. पाणी किती, वेळ किती आणि हात किती.

पाणी : आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो, उन्हाळ्यात आठ दिवसांनीसुद्धा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. तेव्हा ऐन मे महिन्यात बागेला रोज दोन बादल्या, म्हणजे तीसेक लिटर, त्याहून जास्त नाही. तेही शक्यतो डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं आणि कपडे शेवटचे खंगाळलेलं पाणी.

वेळ : सकाळी दहा मिनिटं. रविवारी अर्धा तास.

हात : मी नोकरी करते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही. लेक दहावीला. आमच्या ह्यांचं दुकान सकाळी नऊला उघडतं आणि रात्री नऊला बंद होतं.

आता या हिशेबात कुंड्या बसवून बघा. मे महिन्यात मध्यम आकाराच्या एका कुंडीला रोज लिटर-दीड लिटर पाणी सहज लागतं. वीस कुंड्या म्हणजे आमचं सगळं पाणी संपलं! जमिनीतल्या झाडाचं तसं नसतं. त्याची मुळं खाली ओल शोधत जातात. एक-दोन पावसाळे बघितलेलं काटक झाड दोन-चार दिवस पाण्याशिवाय सहज राहतं. म्हणून ठरलं, झाडं जमिनीतच, आणि कुंड्या फक्त दोन.

‘तू बघणार असशील तर कर’

हे एवढं सोपं नव्हतं. ह्यांचं म्हणणं, ‘‘एकदा पेव्हर टाकले की कायमची कटकट मिटली.’’

मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. आमचं अंगण बारा बाय दहा, म्हणजे १२० चौरस फूट, सुमारे अकरा चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडतं. म्हणजे २५ मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत आमच्या एवढ्याशा अंगणात पावणेतीनशे लिटर पाणी पडणार. सगळी फरशी घातली तर ते गटारात. माती ठेवली तर त्यातलं बरंचसं जमिनीत. शिवाय आमचं घर पश्चिममुखी. दुपारचं ऊन आधी अंगणाची फरशी तापवणार आणि मग हॉलची भिंत. मग पंखा लावून तरी काय उपयोग?

हिशेब दुकानदाराला पटतो. ते म्हणाले, ‘‘बरं. तू बघणार असशील तर कर.’’

मैत्रिणींनो, या एका वाक्यापाशी आपण फसतो. परवानगी मिळाली म्हणून खूश होतो आणि आणखी एक काम पदरात पाडून घेतो. मी म्हटलं, ‘‘मी एकटीनं बघायची असेल तर नकोच. घराची बाग असेल तर करू.’’ सासूबाई देवघरातून म्हणाल्या, ‘‘उभ्यानं करायचं काम असलं तर मला सांगा गं.’’ तिथून खरी सुरुवात झाली.

अंगणात काय काय होतं?

पहिल्या आठवड्यात आम्ही एकही झाड आणलं नाही. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठे असतं ते लेकीनं खडूनं आखून ठेवलं. मग अंगणात रोज काय काय घडतं त्याची यादी केली. दुचाकी लागते. सिलिंडर येतो. मीटर बघायला माणूस येतो. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडावं लागतं. संडासाच्या टाकीचं झाकण आहे, ते कधीतरी उघडावं लागणारच. त्यावर माती टाकून बाग केली की पुढे सगळं उकरावं लागतं. रांगोळीला जागा हवी. तुळस हवी. आणि संध्याकाळी पाच मिनिटं टेकायला एक बाक हवा. हा शेवटचा मुद्दा मी हट्टानं लिहिला.

गेटपासून दारापर्यंत साडेतीन फुटांची सरळ वाट ठेवली, म्हणजे सिलिंडर नि पाहुणे दोघंही नीट येतात. तिच्या शेजारी दुचाकीसाठी सात फूट बाय तीन फूट. एवढ्यावरच शहाबादी फरशी घातली. आमची जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी उचलते. म्हणून आधी ती थोडी खोदून काढली, मुरूम टाकून चोपला, वर वाळूचा थर आणि मग फरशी. दोन फरश्यांमध्ये दोन बोटं फट ठेवली, सिमेंट भरलं नाही. पाणी तिथून मुरतं. उतार मात्र घराच्या भिंतीकडून बाहेरच्या बाजूला, चार फुटाला साधारण एक इंच. मिस्त्रीला हे समोर उभं राहून करून घ्यावं लागतं बरं का!

उरली निम्मी जागा, मातीची. त्यात हिरवळ नाही. हिरवळीला पाणी, कापणी आणि निंदणी सतत हवी. आमच्या तीन आकड्यांत ती कुठेच बसत नव्हती.

झाडं कुठली?

नैऋत्येच्या कोपऱ्यात, भिंतीपासून सहा फूट सोडून, एकच झाड लावलं, कढीपत्त्याचं. फार उंच होत नाही, उन्हाळ्यातही हिरवा असतो, दुपारचं ऊन थोडं तरी अडवतो आणि फोडणीला रोज लागतो. बुंध्याच्या आसपास फुटवे येतात. ते काढायचे आणि शेजारणींना द्यायचे. कधी अळ्या पानं खातात. त्यांची पुढे काळी-पांढरी फुलपाखरं होतात, म्हणून मी थोडी पानं त्यांना सोडते. वड, पिंपळ, उंबराचं रोप मात्र भिंतीच्या फटीत दिसलं की लहान असतानाच उपटावं.

खिडकीखाली दोन मोगरे. हिवाळ्यात छाटणी करायची आणि थोडे दिवस पाणी तोडायचं, मग उन्हाळ्यात भरभरून फुलतो. कंपाउंडच्या भिंतीवर बोगनवेल, पण गेटपासून लांब, कारण काटे. तिला पाणी जास्त झालं की नुसती पानं येतात, ताण पडला की फुलते. आमच्या गावासाठीच जन्मली आहे जणू! गेटच्या जाळीवर गोकर्ण. वाटेच्या कडेला गवती चहा आणि कोरफड. अधूनमधून सदाफुली, जिचं बी आपोआप पडतं आणि उगवतं. गुलबक्षी उन्हाळ्यात दिसेनाशी होते, पण जमिनीतल्या गड्ड्यातून पावसाबरोबर परत येते. पावसाळी लिलीचे कांदेही तसेच. धुण्याच्या दगडाचं पाणी जिथून वाहतं, तिथं कर्दळ आणि अळू. त्यांना ओल हवीच असते.

गेट उघडं राहिलं की शेळ्या आत आल्याच! त्या अडुळसा आणि सीताफळाला तोंड लावत नाहीत. ज्यांच्याकडे कुंपण धड नाही त्यांनी ही दोन झाडं जरूर लावावीत. कण्हेरही गुरं खात नाहीत, पण तिचे सगळेच भाग विषारी. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची फळं मुलं खेळायला घेतात. घरात लहान मूल असेल तर नकोच.

गुलाबाचं मन मारलं. जास्वंदही साधी, लाल, एकेरी लावली. भरगच्च पाकळ्यांच्या संकरित जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण बसला की औषधपाणी करत बसावं लागतं. साधीवरही येतो, पण पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बराच आटोक्यात राहतो.

ही सगळी लावणी जून-जुलैत केली. पहिला पाऊस मातीत नीट मुरला की लावायचं. मग थंडीपर्यंत मुळं धरतात आणि पहिला उन्हाळा झाडाला कठीण जात नाही.

पाणी वाचवायच्या दोन युक्त्या

पहिली, आच्छादन. झाडांच्या बुंध्याशी उघडी माती ठेवायचीच नाही. पालापाचोळा, नाहीतर उसाचं पाचट, तीनेक इंच जाडीचं पसरायचं. ओल टिकते, तण कमी उगवतं, खालचं हळूहळू कुजून माती सुधारते. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांनी पालापाचोळ्यातून सुपीक माती घरच्या घरी कशी करायची, हे कितीतरी लोकांना शिकवलं. आपण मात्र अजूनही रोज सकाळी पानं गोळा करून कोपऱ्यात पेटवतो. एक काळजी घ्यायची : घराच्या भिंतीला लागून फूटभर पट्टा मोकळा ठेवायचा. वाळवी आणि विंचू दाराशी येऊ नयेत म्हणून.

दुसरी युक्ती, मडकं. भाजलेलं, रंग न दिलेलं मातीचं मडकं झाडापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं आणि पाण्यानं भरायचं. पाणी पाझरत राहतं आणि थेट मुळांपाशी जातं, वरच्या वर उडून जात नाही. तोंडावर पणती किंवा फरशीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे डास होत नाहीत. गावाला जायचं असेल तर ही मडकी शेजारणीपेक्षा भरवशाची! डासांवरून आठवलं, कुंड्यांखाली बशा ठेवू नका. साचलेल्या पाण्यात डेंगीच्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

कुणाचं काम काय?

सकाळचं पाणी मी घालते. उभ्यानं करायची कामं सासूबाईंची : मोगऱ्याची फुलं काढणं, वाळकी पानं खुडणं. तुळशीचं वृंदावन कमरेएवढं उंच बांधलं ते त्यांच्यासाठीच. रविवारी तण काढणं लेकीचं आणि ह्यांचं. गाजरगवत दिसलं की फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचं, तेही हातात पिशवी घालून, कारण काहींच्या अंगाला त्यानं खाज सुटते. पहिले चार रविवार आठवण करावी लागली. पाचव्या रविवारी हे स्वतःच खुरपं शोधत होते. अजूनही एखादा रविवार बुडतो. बुडू दे. तण थोडं वाढतं, आकाश कोसळत नाही. मी मात्र ते काम उरकून टाकत नाही. एकदा उरकलं की ते माझंच होऊन बसतं.

तुमचं अंगण चार फुटांचं असेल, नाहीतर नुसती पायरीशेजारची पट्टी असेल. हरकत नाही. एक झाड, एक वेल, एक मडकं एवढ्यावरही भागतं. ज्यांनी आधीच सगळीकडे फरशी घातली आहे, त्यांनी कंपाउंडलगतची फूट-दीड फुटाची एक ओळ काढून बघावी. फक्त सुरुवातीला कागद घ्या आणि आपलं पाणी, आपला वेळ, आपले हात खरे-खरे लिहा. मनातले नाहीत, मे महिन्यातले. आणि तो कागद एकट्यानं भरू नका. रात्री जेवताना सगळ्यांसमोर ठेवा. जो जे काम घेईल त्याचं नाव त्यापुढे लिहा. नाव लिहून झाल्यावरच रोपवाटिकेत जा.

आणि हो, यादीत तो बाक लिहायला विसरू नका. बाग केली तर त्यात बसताही आलं पाहिजे ना!