कंस हलला की बेरीज वेगळी

अ + (ब + क) आणि (क + अ) + ब आपल्या लेखी एकच. सिद्धता तपासणाऱ्या ‘लीन’ या संगणक-प्रणालीला मात्र ही दोन वेगळी पदावली-झाडं दिसतात. ‘अ + ब = ब + अ’ हा नियम सरसकट लावू दिला, तर यंत्र अदलाबदलच करत बसेल. म्हणून ‘सिम्प’ ही आज्ञा पदांना क्रम लावते आणि त्या क्रमाकडे नेणारीच अदलाबदल करते. ‘रिंग’ या आज्ञेचा खाक्या निराळा: दोन्ही बाजू एकाच ठरावीक साच्यात मांडायच्या नि जुळतात का ते पाहायचं. (अ + ब)² चा विस्तार ती चुटकीसरशी सिद्ध करते.

नवखे फसतात ते वजाबाकीत. लीनच्या नैसर्गिक संख्यांत ३ − ५ चं उत्तर चक्क ०. म्हणजे (३ − ५) + ५ चं उत्तर ५. तिथे ‘(अ − ब) + ब = अ’ हवं असेल, तर आधी ब ≤ अ हे दाखवावं लागतं.