बिबट्याची बातमी आणि माणसाची

जुन्नर तालुक्यातल्या राजुरीत बिबट्या दिसणं ही आता बातमी राहिलेली नाही. आळेफाट्याहून बेल्ह्याच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मधे कांदा-टोमॅटोची रानं, आणि रानात विखुरलेल्या वस्त्यांवर गोठे, शेळ्या, कुत्री. बिबट्याला लागतं ते सगळं इथे आयतं आहे. उसातच त्याची पिल्लं जन्मतात, आणि तोडणी सुरू झाली की तो आसरा शोधत वस्तीकडे सरकतो. शेळी गेली तर वनखात्याला फोन, पंचनामा, भरपाईचा अर्ज, विषय संपला. माणूस गेला की मात्र बातमी होते, आणि त्यापुढे काय काय घडतं त्याचा क्रम या पट्ट्यात सगळ्यांना पाठ झाला आहे.

काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन शेजारी धावतात. त्यांच्यातल्याच कुणाचा तरी मोबाइल चालू असतो. वनरक्षक पंचनाम्याचा कागद काढेपर्यंत एखाद्या यूट्यूब वाहिनीचा बूम माइक दारात आलेला असतो आणि मुलाचा देह शवविच्छेदनाला गेलेला असताना आईला विचारलं जातं, ‘ताई, नेमकं काय झालं? तुमच्या भावना काय आहेत?’ ती काहीतरी बोलते. ती काय बोलली हे तिला दुसऱ्या दिवशी आठवेलच असं नाही, पण तोवर तिचा हंबरडा, मागचं घर, दारावरचा घर क्रमांक, शाळेच्या ओळखपत्रावरचा मुलाचा फोटो आणि कोपऱ्यात उभी असलेली धाकटी बहीण जिल्हाभर फिरलेली असतात. ‘कॅमेऱ्यासमोर बोलणार का?’ हे तिला कुणी विचारलेलं नसतं. विचारलं असतं तरी त्या घटकेला तिने दिलेल्या होकाराला काय अर्थ होता?

मला यात खटकतं ते वेगळंच. बिबट्याची बातमी कशी द्यावी, हे आपल्याकडच्या पत्रकारांना शिकवलं गेलं आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याचा माग काढला तेव्हा पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलात नेऊन सोडण्याशी या हल्ल्यांचा संबंध दिसला. पुढे २०११ च्या सुमारास मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या निमित्ताने वनखातं, अत्रेय आणि काही नागरिक एकत्र आले. त्यांनी पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतल्या. प्रत्येक बिबट्याला ‘नरभक्षक’ म्हणू नका, नुसता दिसला तर ‘दहशत’ लिहू नका, पिंजरा लावा ही मागणी लोकांच्या तोंडी आपण घालू नका. मुंबईच्या बातम्यांचा सूर त्यानंतर हळूहळू बदलला. काम चांगलंच झालं. पण ज्या घरातलं माणूस बिबट्याने नेलं त्या घराची बातमी कशी द्यावी, यासाठी जुन्नरमध्ये पत्रकारांची अशी कार्यशाळा झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

यावर कुणी म्हणेल, कायदे आहेत की. आहेत, आणि कडक आहेत. बलात्कारपीडितेची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार, म्हणजे पूर्वीच्या दंडविधानातल्या २२८ अ नुसार, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ तर मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंबाचा तपशील, शेजारपाजार, ज्यातून ओळख पटेल ते सगळंच छापायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात आणखी स्पष्ट केलं की पीडिता हयात नसली तरी तिचं नाव उघड करता येणार नाही, आणि नातलगांची परवानगी मिळाली म्हणून पत्रकाराची सुटका होत नाही. त्याच वर्षी कठुआच्या बलात्कार-हत्या प्रकरणात बालिकेची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा गुन्हा पाहिलेल्या मुलाला झाकतं, निराधार मुलालाही झाकतं, पण चौकशी, तपास किंवा न्यायालयीन कामकाजाच्या बातमीपुरतं.

आता हे सगळं राजुरीच्या उसाच्या बांधावर आणून बघा. बिबट्याने उचलून नेलेलं मूल कायद्याच्या लेखी कुठल्याही गुन्ह्याचा बळी नसतं. डोळ्यांदेखत भाऊ गेलेली बहीण कुठल्या गुन्ह्याची साक्षीदार नसते. इथे आरोपी नाही, खटला नाही, म्हणून वरची एकही भिंत त्या घराभोवती उभी राहत नाही. उरतात प्रेस कौन्सिलची आचारतत्त्वं. खासगी दुःखाच्या क्षणी कॅमेरा घुसवू नये असं ती सांगतात, आणि लगेच आपत्तीच्या छायाचित्रांसाठी व्यापक जनहिताची सवलतही ठेवतात. पण या कौन्सिलच्या हातात समज देणं नि निषेध नोंदवणं एवढंच आहे, तेही वर्तमानपत्रांच्या बाबतीत. दारात पहिल्यांदा पोचलेला तो बूम तिच्या कक्षेतच येत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पण जुन्नर वन विभागाच्याच हद्दीत, पिंपरखेड-जांबुत भागात जेमतेम तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यांत दोन मुलं. लोकांचा संयम सुटला. वनखात्याची गाडी पेटली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. तो राग खराच होता आणि त्याची बातमी व्हायलाच हवी होती. त्या बातम्यांमधून सरकार हललंही. रात्री मोटर चालू करायला रानात जावं लागू नये म्हणून शेतीला दिवसा थ्री फेज वीज द्या, ही या पट्ट्याची जुनी मागणी अशाच वेळी मुंबईपर्यंत ऐकू जाते. म्हणून ‘त्यांना एकटं सोडा, विचारूच नका’ हा उपाय मला पटत नाही. पुष्कळांना बोलायचं असतं. आपलं लेकरू नुसता आकडा होऊ नये असं त्यांना वाटतं. बोलायचं की नाही, कुणाशी, केव्हा आणि किती, हे त्यांच्या हातात असावं, इतकंच.

ते हातातून कसं निसटतं, याचं उदाहरण शेजारच्या आंबेगाव तालुक्यातच आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीणवर डोंगर खचला. सकाळी आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा जगाला कळलं. १५१ माणसं गेली. पुढचे कितीतरी दिवस चिखलातून देह निघत होते आणि वाचलेल्यांच्या भोवती कॅमेरे होते. जवळच आमडे इथे नवं गाव वसलं, २०१७ मध्ये लोक तिथे राहायलाही गेले. तरी ३० जुलै दरवर्षी येतो आणि ‘त्या दिवशी काय झालं’ हा प्रश्नही येतो. पहिल्या दिवशीच्या घुसखोरीबद्दल आपण निदान बोलतो तरी. स्मृतिदिनाच्या बातमीकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती माणसं आता शेती करतात, मुलांची लग्नं करतात, पण आपल्या लेखी ती ‘वाचलेली’ म्हणूनच शिल्लक असतात.

आणि हे आजचंही नाही. वेल्समधल्या अॅबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीचा ढिगारा कोसळला, ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. बचावकार्यातल्या एकाने पुढे सांगून ठेवलं आहे की, एक छायाचित्रकार एका लहान मुलीला मेलेल्या मैत्रिणींसाठी रडायला सांगत होता. फोटो चांगला यावा म्हणून. तेव्हा मोबाइल नव्हते, यूट्यूब नव्हतं. दोष नुसता नव्या साधनांचा आहे असं म्हणून सुटता येत नाही.

सगळ्यांत उघडी पडतात ती मात्र गावातलीही नसलेली माणसं. हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांसाठी मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात, मेंढपाळांचे वाडे रानात बसतात. त्यांची लेकरं पालात नाहीतर उघड्यावर झोपतात. अशा घरात काही घडलं तर बाजूने बोलायला पोलीस पाटील नसतो, भावकी नसते. बातमी छापून येते तेव्हा ते पुढच्या गावच्या फडात असतात. फोटो कुठे गेला, खाली काय लिहिलं, काढून टाका म्हणून कुणाला सांगायचं, यातलं काहीच त्यांना कळत नाही. गावातला माणूस निदान तालुक्याच्या वार्ताहराला चौकात गाठून शिव्या तरी घालू शकतो.

भरपाईच्या बातमीचंही तसंच. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य सरकार आता २५ लाख रुपये देतं, आणि त्यातली बरीचशी रक्कम मुदत ठेवीत ठेवली जाते. रकमेची बातमी द्यावीच, धोरण लोकांना कळलं पाहिजे. पण ‘अमुक वस्तीवरच्या अमुक बाईंना धनादेश सुपूर्द’ असं हार-तुऱ्याच्या फोटोसकट छापलं की तो आकडा उसनवारीवाल्यांपासून फोनवरच्या भामट्यांपर्यंत सगळीकडे पोचतो. शोकातल्या विधवेला हे निराळं संकट, आणि फोटोत मात्र पुढारी हसतमुख.

करता येण्यासारखं फारसं अवघड नाही. पहिल्या दिवशी घरातल्यांऐवजी चुलत्याने, सरपंचाने किंवा पोलीस पाटलाने बोलावं आणि तपशील वनपालाकडून घ्यावेत. आई-वडिलांशी बोलायचं तर तेरावा होऊ द्यावा. तोवर हल्ला कुठे, किती वाजता, पिंजरे किती लागले, वीज कधी होती, ही बातमी अडत नाही. गेल्यावर आधी सांगावं की हे कुठे छापून येईल, मोबाइलवर किती वर्षं दिसत राहील, आणि याने भरपाई लवकर मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण पुष्कळ होकार त्या आशेवरच दिलेले असतात. बोलून झाल्यावर लिहिलेलं वाचून दाखवावं, आणि दोन दिवसांनी ‘नको’ म्हणाले तर ते ‘नको’ मानावं. भावंडांचे चेहरे, शाळेचं नाव, घराकडे जाणारा रस्ता यांवाचून बातमीचं काही बिघडत नाही.

हे अर्ध्या कागदावर मावतं. वनरक्षकाच्या पिशवीत पंचनाम्याच्या नमुन्यासोबत तो कागद असायला हरकत नाही, म्हणजे जमलेल्या घोळक्यासमोर निदान एक सरकारी माणूस ‘आत्ता नको’ म्हणू शकेल. आणि मुंबईत बिबट्यासाठी झाली तशी कार्यशाळा जुन्नरला, नारायणगावला किंवा आळेफाट्यावर घ्यायची झाली, तर पहिल्या रांगेत वर्तमानपत्रांच्या वार्ताहरांच्याही आधी त्या यूट्यूबवाल्या पोरांना बसवावं लागेल. ती इथलीच आहेत, त्यांच्याही घरामागे ऊस आहे.