सातपुड्याच्या दारी

दिवाळी आटोपल्यावर सावंतवाडीहून निघालेली माझी मोटारसायकल होळीच्या आदल्या आठवड्यात प्रकाशाच्या तापीपुलावर येऊन थांबली, तेव्हा पाठीशी चार महिन्यांची धूळ होती आणि समोर सातपुडा होता. या चार महिन्यांत सह्याद्रीची सोबत क्वचितच सुटली. घाट चढावा, घाट उतरावा, असा क्रम चालला होता. कोंडाईबारीचा घाट उतरल्यावर मात्र ती सोबत संपली. तापीच्या दक्षिणेला सह्याद्री थांबतो. नदी ओलांडली, की तापी आणि नर्मदा यांच्यामध्ये घड्या घालून ठेवल्यासारखा पसरलेला दुसराच डोंगरी मुलूख सुरू होतो.

दीर्घ प्रवासाच्या अखेरीस पर्वत दिसला, की माणसाच्या मनात एक प्रकारचा अहंकार जागा होतो. आपण काहीतरी मिळवले, असे त्याला वाटते. तळोद्याहून चांदसैली घाट चढताना मीही त्या अहंकाराला अपवाद नव्हतो. पानगळ झालेले साग, मधूनच पेटल्यासारखा फुललेला पळस आणि वळणावळणाला खाली जाणारे तापीचे खोरे पाहताना, हा सारा देखावा माझ्याच स्वागतासाठी मांडला आहे, अशी सुखद समजूत करून घेणे सोपे होते.

धडगावच्या चहाच्या टपरीवर ती समजूत उतरली. माझ्या गाडीशेजारी दुसरी एक मोटारसायकल येऊन उभी राहिली. तिच्यावर नवरा, बायको, दोघांच्या मध्ये झोपेने पेंगुळलेले मूल, मागे अंथरुणाची वळकटी आणि तिच्यात खोचलेला ऊसतोडीचा कोयता. माझ्या गाडीवरचे बोचके पाहून त्या तरुणाने विचारले, “दादा, लांबून आलात?” मी मोठ्या अभिमानाने चार महिन्यांचा हिशेब सांगितला. तो म्हणाला, “आम्हीबी दिवाळीनंतरच गेलो होतो. बारडोलीकडे. होळीला घरी आलो. चार दिवस राहू, मग परत. अजून उचल फिटली नाही.” आणि थोडे थांबून, कसलाही कडवटपणा न आणता, त्याने विचारले, “तुम्हाला कोणी पाठवलं होतं?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मला कोणी पाठवले नव्हते. त्याला मात्र पाठवले होते. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीने, पावसाळ्यानंतर हाताला काम न देणाऱ्या उतारावरच्या शेतीने आणि गावाजवळ मजुरी नसल्याने. दोघेही तितकेच महिने घराबाहेर होतो. माझ्या भटकंतीला लोक प्रवास म्हणतील, त्याच्या भटकंतीला कागदोपत्री स्थलांतर म्हणतात. शब्द बदलला, की माणसाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. डोंगरातल्या माणसाला कचेरी जवळ यावी, हा नव्या जिल्ह्यामागचा हेतू रास्तच होता. परंतु कचेरी जवळ येणे आणि काम जवळ येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून महाराष्ट्राने देशाला वाट दाखविली आणि २००५ साली देशाने ती स्वीकारली. त्याच महाराष्ट्राच्या या कोपऱ्यातून दरवर्षी कोयते घेतलेली जोडपी गुजरातेत उतरतात, ही गोष्ट आपल्या मनाला खुपली पाहिजे. आईबापांबरोबर निघालेल्या मुलाची शाळा ऐन सत्रात सुटते, तेव्हा पुढच्या पिढीच्या उचलीचीही तजवीज होऊन जाते.

रस्त्यांचेही असेच. पर्यटकाला तोरणमाळपर्यंत नेणारा रस्ता आपल्याला ठाऊक असतो. पाड्यापासून दवाखान्यापर्यंतचा नसतो. मी ज्या चांदसैली घाटाचे सौंदर्य पाहत चढलो, त्याच घाटात सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून वाट बंद झाली होती. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन निघालेल्या एका पतीला तेव्हा रुग्णालय गाठता आले नाही. तिने वाटेतच प्राण सोडला. उत्तरेला, नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. २०१९ साली ते धरण प्रथमच पूर्ण भरले. तिथल्या कित्येक पाड्यांना आज बोटीखेरीज मार्ग नाही.

डोंगराळ मुलखात गेलेल्याने तिथल्या निसर्गाचे कौतुक जरूर करावे. पण कौतुकाबरोबर एक हिशेबही मांडावा: हा मुलूख आपल्या माणसांना वर्षातले किती महिने सांभाळू शकतो? मोहाची फुले, चारोळी आणि उन्हात वाळणारी आमचुराची फोड येथे पिकते. तिचा भाव मात्र खाली बाजारात ठरतो. दिवाळीनंतर पाड्यालगत बांधबंदिस्ती आणि जलसंधारणाची कामे वेळेवर निघाली, त्यांची मजुरी वेळेवर पोचली आणि रानमेव्याला जागेवर रास्त भाव मिळाला, तर उचल घेण्याची पाळी पुष्कळांवर येणार नाही. यात अशक्य असे काहीच नाही; पावसाळा संपण्याआधी कामांची आखणी करण्याची तत्परता मात्र हवी.

चहा संपला. त्या तरुणाने चिल्लर मोजून तीन कपांचे पैसे दिले, पोराला पुन्हा दोघांच्या मध्ये बसविले आणि डांबरी रस्ता सोडून गाडी कच्च्या वाटेला लावली. दूर कुठेतरी होळीच्या ढोलाचा सराव चालला होता. मला माझी गाडी सुरू करण्याची घाई नव्हती. मला वाटले होते, चार महिन्यांचा प्रवास करून मी डोंगरात पोचलो. खरे पोचले होते ते तिघे; आणि त्यांनाही तिथे चारच दिवस राहता येणार होते.