चिरडलेल्या स्नायूतले पोटॅशियम
शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तद्रवात ते लिटरमागे जेमतेम ३.५ ते ५ मिलिमोल. तारापूर एमआयडीसीत यंत्राखाली पाय सापडला किंवा मनोरजवळ महामार्गावर ट्रकचा पत्रा मांडीवर दाबून बसला, तर स्नायूंच्या पेशी फुटून हा साठा बाहेर पडतो. खरा धोका दाब निघाल्यावर: रक्तप्रवाह सुरू होताच पोटॅशियम हृदयापर्यंत पोहोचते. सुटकेपर्यंत नीट बोलणारा माणूस मग अचानक कोसळू शकतो. लंडनच्या बॉम्बहल्ल्यांतील जखमींवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये चिरडल्यानंतरच्या अशा विकाराचे वर्णन केले. म्हणूनच शक्य तिथे अवयव मोकळा करण्याआधीच सलाइन सुरू करतात. पोटॅशियमयुक्त रिंगर लॅक्टेट टाळतात.

कॅल्शियमचे उलटे, ते घटते. जखमीला भराभर रक्त चढवताना पिशवीतले सायट्रेट त्याला बांधून ठेवते. रक्त गोठणे मंदावते, रक्तदाब उतरतो. हायड्रोफ्लोरिक आम्लाने भाजल्यास फ्लोराइडही तेच करते. रासायनिक कारखान्यांच्या बोईसर पट्ट्यात हे माहीत असलेले बरे. आम्ल तीव्र असेल तर लहानशी जखमही जिवावर बेतते. आधी भरपूर पाण्याने धुऊन लगेच कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळतात आणि रुग्णालयात ईसीजीवर नजर ठेवतात.