दावत, बिअर आणि ‘नक्को’ : हैदराबादला शिकायला येणाऱ्यांसाठी

तेलुगूत ‘मंदु’ म्हणजे औषध. पण हॉस्टेलमधला तेलुगू मित्र शनिवारी संध्याकाळी ‘मंदु’चं नाव काढतो तेव्हा त्याला ताप आलेला नसतो. बोलीभाषेत मंदु म्हणजे दारू. याची गंमत वाटत असेल तर आपल्याकडे बघा. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषधच, आणि ‘दवादारू’ या शब्दात तो अर्थ आपण अजून सांभाळून ठेवलाय. दोन शेजारी भाषांनी एकाच गोष्टीला एकच सोज्वळ नाव द्यावं, यावर भाषाशास्त्राच्या तासाला एखादा निबंध सहज होईल.

आपल्या मंडळातून दरवर्षी एक-दोन जण तरी एमए किंवा पीएचडीसाठी हैदराबादला येतात. कुणी गच्चीबावलीच्या केंद्रीय विद्यापीठात, कुणी उस्मानियात, कुणी त्याला लागूनच असलेल्या इफ्लूत. येण्याआधी फोन करून विचारतात: मेस कशी आहे, पीजीचं भाडं किती. आणि शेवटी, जरा आवाज खाली करून, ‘तिकडे सगळे खूप पितात का गं?’ हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे.

आधी एक सांगते. इथल्या विद्यार्थ्याचं रोजचं पेय चहा आहे. इराणी हॉटेलात डिकॉक्शन आणि आटवलेलं दूध वेगवेगळ्या भांड्यांत असतं, कपात दोन्ही एकत्र करून देतात. सोबत उस्मानिया बिस्किट, थोडं गोड, थोडं खारट. तारनाक्यापासून विद्यानगरपर्यंतच्या टपऱ्यांवर सकाळी जी गर्दी असते तीच रात्री दहालाही असते. अमीरपेटच्या कोचिंगवाल्यांचं आणि चिक्कडपल्लीच्या सेंट्रल लायब्ररीत सरकारी परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांचं तर अख्खं आयुष्य चहावर चाललेलं असतं. त्यातल्या कित्येकांनी वर्षभरात एकदाही ग्लास हातात धरलेला नसतो. ‘सगळे पितात’ हे पिणाऱ्यांच्या टोळक्यात बसून काढलेलं अनुमान आहे.

पण पिणारे आहेत, आणि त्यांची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे ‘बसायचं का?’ असं विचारतात, म्हणजे मूळ क्रियापद गाळूनच टाकतात. इथे ‘दावत’ असते. नोकरी लागली दावत, पेपर संपले दावत, गावी बहिणीचं लग्न ठरलं तरी दावत. तेलंगणात दावत म्हटलं की मटण आणि दारू दोन्ही गृहीत. जिल्ह्यांतून आलेल्या बऱ्याच मुलांच्या घरी ताडी, म्हणजे ‘कल्लु’, ही लपवायची गोष्टच नसते. बोनालूच्या सणात देवीलाही कल्लु वाहतात. आपल्या मध्यमवर्गीय घरात कपाटाच्या मागे ठेवलेली बाटली आणि हे, यांत फरक आहे. म्हणून इथला मित्र ग्लास पुढे करतो तेव्हा त्यात दरवेळी ‘बघू, हिची हिंमत किती’ असं काही नसतं. बहुतेक वेळा तो साधा पाहुणचार असतो.

आणि पाहुणचार नाकारायला आपल्याकडे या शहरातला सगळ्यात चांगला शब्द आहे. दखनीतला ‘नक्को’ हा आपलाच ‘नको’. उत्तरेकडच्या मुलांना ‘नहीं यार, वो क्या है ना’ अशी प्रस्तावना करावी लागते. इथे ‘नक्को’ म्हटलं की बहुतेकदा विषय संपतो. कारण सांगत बसू नका. ‘उद्या पेपर आहे’ म्हणालात तर परवाची तारीख मिळते.

पैशाचं मात्र सुरुवातीलाच बोलून घ्या. पाच जणांच्या दावतीत दोघे न पिणारे असतील तरी बिल पाच भागांत वाटायची वाईट पद्धत आहे. बिर्याणी खाल्लेली मुलगी तिघांच्या व्हिस्कीचे पैसे भरते आणि वरून तिलाच कंजूष म्हणतात. जेवणाचं बिल वेगळं, बाटलीचं वेगळं, हे बसण्याआधी सांगायचं. नंतर सांगितलं की भांडण होतं.

आता दुकानांचं. इथे त्यांना ‘वाइन्स’ म्हणतात, आत वाइन क्वचितच विकली जात असली तरी. आपल्याकडच्यासारखा पिण्याचा वैयक्तिक परवाना इथे लागत नाही. वय मात्र २१ पूर्ण हवं. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५, इथे सगळ्याला २१. म्हणजे पदवीच्या वर्गातली जवळपास सगळी मुलं कायद्यानं बाहेरच आहेत. ‘परमिट रूम’ हा शब्द दिसला की घरची आठवण येईल, पण त्याचा अर्थ इथे बदलतो. आपल्याकडे ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याची खूण आहे, परमिटवाल्यांनी बसायची खोली. इथे दुकानदार जादा शुल्क भरून दुकानाला जोडून जी जागा घेतो ती परमिट रूम. प्लास्टिकचा ग्लास, उकडलेले चणे, उभं राहून दहा मिनिटांत कारभार संपतो. तब्येतीच्या दृष्टीनं हीच सर्वांत वाईट पद्धत, कारण भरभर आणि जवळजवळ रिकाम्या पोटी प्यायलं जातं.

ही दुकानं एवढी का, हा प्रश्न पडतोच. तेलंगणात २,६२० दुकानं आहेत आणि त्यांचे परवाने दोन वर्षांसाठी सोडत काढून देतात. २०२३ मध्ये त्या सोडतीसाठी सुमारे १ लाख ३२ हजार अर्ज आले. तेव्हा प्रत्येक अर्जामागे २ लाख रुपये शुल्क होतं, नंबर लागो न लागो, परत न मिळणारं. गुणाकार करून बघा. एकही बाटली विकण्याआधी सरकारकडे २,६०० कोटींहून जास्त जमा झाले होते.

हे काही नवीन नाही. निजामाच्या राज्यातही अबकारी हा उत्पन्नाचा मोठा झरा होता. म्हणूनच १९४७ च्या लढ्यात स्टेट काँग्रेसने शिंदीची झाडं तोडण्याचा कार्यक्रम घेतला, आणि कॉलेजं सोडून आलेली मराठवाड्यातली पोरं कुऱ्हाडी घेऊन त्यात उतरली. त्या काळी मराठवाड्याचं विद्यापीठ म्हणजे उस्मानियाच. औरंगाबादला स्वतंत्र विद्यापीठ झालं ते १९५८ मध्ये. नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादच्या सिटी कॉलेजात होते, त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर उस्मानियात मराठी शिकवत. म्हणजे आपण इथे पहिले नाही. पुढे एकत्रित आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी साक्षरता वर्गातून सुरू केलेलं आंदोलन राज्यभर पसरलं. १९९३ मध्ये देशी दारू बंद झाली, जानेवारी १९९५ मध्ये एन. टी. रामाराव सरकारने संपूर्ण दारूबंदी आणली, आणि १९९७ मध्ये ती उठली. तिजोरीला झेपली नाही.

ताडीबद्दल एकच सूचना. गावात झाडाखाली उतरवलेली ताजी ताडी वेगळी आणि शहरातल्या ‘कल्लु कंपाउंड’मध्ये मिळते ती वेगळी. मागणी जास्त, झाडं कमी, त्यामुळे पाण्यात अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची रसायनं मिसळून विकण्याचे प्रकार इथे वारंवार पकडले गेलेत. लोक त्यानं मेलेत. ‘नैसर्गिक आहे, एकदा चाखून बघ’ याला नक्को.

आता बिअर. ‘मी फक्त बिअर घेते’ हे वाक्य मी इथे सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय, म्हणून त्याचं गणित मांडते. विद्यार्थी घेतात ती बाटली ६५० मिलिची, आणि बहुधा ‘स्ट्राँग’. तिच्यावर ८ टक्के लिहिलेलं असेल तर आत ५२ मिलि शुद्ध अल्कोहोल आहे. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वजन भरतं साधारण ४१ ग्रॅम. आता व्हिस्कीचा ३० मिलिचा पेग घ्या. भारतीय व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे एका पेगात साधारण १० ग्रॅम. तेव्हा स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे चार स्मॉल पेग. जी मुलगी चार पेगांना घाबरून ‘बापरे’ म्हणते तीच बाटली एकटीनं संपवते आणि ‘फक्त बिअर’ म्हणते. ५ टक्क्यांची माइल्ड असली तरी ती अडीच पेगांची होते.

पुढचा भाग गाडी चालवणाऱ्यांसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम. ६५ किलोच्या मुलानं ती एक बाटली रिकाम्या पोटी पटकन संपवली तर आकडा ९० च्या आसपास जाऊ शकतो. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे ५० किलोच्या मुलीत तोच आकडा १३० च्याही पुढे जातो. यात चारित्र्याचा काही संबंध नाही, शुद्ध भागाकार आहे. उतरण्याचा वेग मात्र सगळ्यांचा जवळपास सारखा, तासाला साधारण १५. म्हणजे त्या मुलानं रात्री अकराला बाटली संपवली तर पहाटे तीनच्या आधी तो मर्यादेत येत नाही. लिंबू सरबत, कॉफी, तोंडावर पाणी, बडीशेप, यातल्या कशानंही यकृताचा वेग वाढत नाही. बडीशेपेनं फक्त वास बदलतो, आणि पोलिसांचं यंत्र वास मोजत नाही.

हैदराबादचे वाहतूक पोलीस रात्रीची तपासणी नेमानं करतात. पकडले गेलात तर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. कोर्टाच्या आधी समुपदेशनालाही बोलावतात, गोशामहलच्या ट्रॅफिक ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये, आणि घरच्यांना सोबत घेऊन. दंडापेक्षा पोरं याच गोष्टीला जास्त घाबरतात. नांदेडहून किंवा सोलापूरहून वडील रजा टाकून येतात, आणि दोघं शेजारी बसून अपघातांचे व्हिडिओ बघतात.

ही कडक पद्धत उगाच नाही. जुलै २०१६ मध्ये पंजागुट्ट्याला भर रस्त्यात एक कार दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्या कारवर जाऊन पडली. आत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, बारमधून पिऊन निघालेले. त्यांचं वय २१ सुद्धा नव्हतं. समोरच्या गाडीत शाळेतून घरी चाललेली एक लहान मुलगी आणि तिच्या घरचे होते. तिचे काका जागीच गेले, ती काही दिवसांनी गेली. मुलांना दारू देणाऱ्या बारबद्दल त्यानंतर शहरात खूप बोललं गेलं. आजही मुलांना ओळखपत्र न बघता दारू मिळते, हे हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा.

शेवटी हॉस्टेलच्या खोलीचं. माझ्या ओळखीतल्या एका मुलांच्या पीजीत एकानं पहिल्यांदाच, आणि पैज लावून, बरीच दारू घेतली. तो निपचित पडला. खोलीतले चौघे दीड तास एकच चर्चा करत होते: वॉर्डनला कळलं तर? त्याला अंघोळ घालायची का, ताक पाजायचं का? शेवटी एकानं न विचारता गाडी बोलावली म्हणून तो वाचला. चौघांत कुणाला माहीत नव्हतं की शेवटच्या घोटानंतरही पोटातली दारू रक्तात जात राहते. झोपलेला माणूस बरा होतोय असं वाटतं, आणि तो आणखी खोल जात असतो.

म्हणून हे पाठ करून ठेवा. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, अंग गार, ओठ निळसर, बेशुद्धीतच उलटी: यातलं एकही दिसलं तर १०८. ही सेवा देशात पहिल्यांदा २००५ मध्ये याच शहरातून सुरू झाली आणि ती मोफत आहे. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड जमिनीकडे झुकतं ठेवा. उताणा ठेवलात तर उलटी श्वासनलिकेत जाते. काहीही पाजू नका, घशात बोटं घालू नका, थंड पाण्याखाली धरू नका. एक जण सतत शेजारी बसलेला हवा. डॉक्टरला खरं सांगा: काय घेतलं, किती, सोबत कसली गोळी होती का. वॉर्डनला फोन गाडी बोलावल्यावर करा, आधी नाही.

हा नंबर आणि हॉस्टेलचा पूर्ण पत्ता तेलुगूत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ड्रायव्हरला फोनवर पत्ता सांगताना मराठी-हिंदीत होणारा घोळ वाचतो. खोलीत तेलुगू येणारा कुणी नसेल तर मेसवाल्या अण्णांकडून लिहून घ्या, ते आनंदानं देतात.