ही नाटके नव्हेत

मी डॉक्टर नव्हे. कामगारांची गाऱ्हाणी ऐकणारा माणूस. उद्यमनगरातला एक मोल्डर अर्ध्या दिवसाचा खाडा करून मुलाला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तोंडात आरसा जाताच पोराला ओकारीची उबळ आली. "नाटके करतोस?" म्हणून बापाने थोबाडीत दिली. पोर पुन्हा त्या पायरीवर चढेना. कीड मात्र वाढत राहिली.

यात पोराचा गुन्हा कोणता? जिभेच्या मुळाला किंवा मागच्या टाळूला परकी वस्तू लागली, की मेंदूच्या मज्जातंतूंपैकी ९ व्या जोडीतून मेंदूच्या देठाला वर्दी जाते. मुख्यतः १० व्या जोडीतून उलट हुकूम सुटतो आणि घसा आकसतो. श्वासनलिकेत काही जाऊ नये म्हणून निसर्गाने बसविलेला हा पहारेकरी आहे. भीतीने तो अधिकच बिथरतो.

तेव्हा मुलाला भरल्या पोटी नेऊ नका. ओकारी येते हे डॉक्टरांना आधीच सांगा. हत्यार प्रथम मुलाला दाखवावे. नाकाने सावकाश श्वास घ्यायला, एक पाय उचलून धरायला सांगावे. लक्ष पायाकडे गेले की पुष्कळदा उबळ ओसरते. आणि हात वर केला की काम थांबेल, असा करार करावा. काम थांबविण्याचा हक्क हाती असला म्हणजे भीती निम्मी होते, हे कामगाराला वेगळे सांगायला नको.